नियमांच्या सोयरिकी जुळवणारी

मित्रांनो, माझं मूळ नाव सोयरीक. आता ते कुणी घेत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मी एक जुनं सॉफ्टवेअर आहे. नाव बाईचं मिळालं म्हणून बोलतेही बाईसारखी. तुम्ही खेळता त्या खेळांसारखी मी देखणी नाही. माझ्यात पळणाऱ्या गाड्या नाहीत की गाणी नाहीत. मला उघडलंत तर डावीकडे एक नियम, उजवीकडे एक नियम आणि मधे एक खूण, एवढंच दिसेल. तुम्हाला जांभई येईल. मोठ्या माणसांनाही यायची. पण जरा आवरा. माझ्यातली एक खूण झाकली गेली आणि त्यापायी एका बोलक्या माणसाचा आवाज पणाला लागला. ती हकीकत मला सांगायची आहे.

आधी माझं काम समजून घ्या. दवाखाना असो, बँक असो, शाळा असो, सगळ्यांच्या संगणकांत लोकांची माहिती भरलेली असते. ती चोरीला जाऊ नये, हरवू नये म्हणून नियम असतात. नियमांचं एकच पुस्तक असतं तर मी जन्मालाच आले नसते. पण नियम करणारे पुष्कळ आणि प्रत्येकाला आपलंच पुस्तक प्यारं. एक पुस्तक सगळ्या ऑफिसांसाठी होतं, त्याला निळा पुठ्ठा. दुसरं खास दवाखान्यांसाठी, ते इतकं जाड की उशाला घेऊन झोपावं. एखाद्या दवाखान्याने निळ्या पुस्तकातले नियम पाळून दाखवले, की जाडं पुस्तक दारात उभं राहून म्हणायचं, आता माझे दाखवा. त्यातले निम्मे तेच असायचे, फक्त वेगळ्या शब्दांत. पुन्हा तीच कुलपं दाखवा, पुन्हा त्याच खोल्या उघडा. लोक अगदी मेटाकुटीला यायचे. निळ्यातल्या कुठल्या नियमाचं जाड्यातल्या कुठल्या नियमाशी जुळतं, ते सांगणं हे माझं काम.

माझा जन्म टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. खालून रबराचा वास यायचा आणि खिडकी कधी नीट लागायची नाही. ऑफिस म्हणजे ती एकच खोली आणि मागे साहेबांची काचेची केबिन. त्या खोलीत एका टेबलाशी वहिनी बसायच्या आणि त्यांच्यासमोर भाऊजी. वहिनी तपासनीस होत्या. ठिकठिकाणी जाऊन नियम पाळले जातात की नुसते भिंतीवर चिकटवले जातात, ते बघायच्या. भाऊजी त्यांचे सख्खे दीर, वहिनींच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. ते प्रोग्राम लिहायचे. घरातली हाक ऑफिसात आली आणि मग सगळेच त्यांना वहिनी आणि भाऊजी म्हणायला लागले. साहेबसुद्धा.

मला घडवायची त्यांची रीत मोठी गमतीची होती. भाऊजी निळ्या पुस्तकातला नियम मोठ्याने वाचायचे. वहिनी जाड्यातला वाचायच्या. मग दोघं भांडायची.

"एकच आहे की, वहिनी. लिहून टाकतो."

"थांबा. एखाद्याने तुमचा नियम पाळला आणि माझा मुळीच पाळला नाही, तर काही बिघडेल का?"

हा प्रश्न त्या प्रत्येक जोडीला विचारायच्या. भाऊजींच्या अगदी नाकी नऊ यायचे. एकदा भाऊजींच्या पुस्तकात होतं, संगणकाच्या खोलीला कुलूप हवं. वहिनींच्या पुस्तकात होतं, त्या खोलीत कोण आलं, कोण गेलं याची नोंद हवी. भाऊजी म्हणाले, एकच. वहिनींनी खणातून कुलूप काढलं. उठल्या, बाहेर गेल्या, ऑफिसच्या दाराला कुलूप लावून खाली निघून गेल्या आणि चहा पिऊन परत आल्या.

"कुलूप होतं ना? मग सांगा बघू, सकाळपासून या खोलीत कोण कोण येऊन गेलं?"

भाऊजींनी हात जोडले. "चुकलो. पण आम्हाला आत कोंडून तुम्ही एकट्याच चहा प्यायलात, त्याचा कुठला नियम?"

अशा भांडणांतून माझ्या खुणा ठरल्या. जे दोन नियम अगदी तेच मागतात ते सख्खे, त्यांना हिरवी खूण. ज्यांचं आडनाव एक पण घरं वेगळी, ते चुलत, त्यांना पिवळी. आणि नुसतं नात्याला नाव आहे, बाकी काही नाही, ते मानलेले, त्यांना राखाडी. ही नावं वहिनींची. आणि नियमांच्या सोयरिकी जुळवते म्हणून माझं नाव सोयरीक, ते भाऊजींनी ठेवलं. पिवळ्या खुणेवर बोट ठेवलं की वहिनींचा शेरा दिसायचा, काय जुळतं आणि काय उरतं ते सांगणारा. माझ्यातलं शहाणपण जे काही होतं ते त्या शेऱ्यांत होतं.

एक जोडी मला जन्मभर विसरता येणार नाही. निळं पुस्तक म्हणायचं, संगणकातल्या माहितीचा रोज बॅकअप घ्या, म्हणजे तिची एक प्रत वेगळी काढून ठेवा. जाडं पुस्तक म्हणायचं, तो बॅकअप अधूनमधून उघडून बघा आणि त्यावरून काम पुन्हा सुरू होतं की नाही याची खात्री करा. भाऊजींचं बोट हिरव्यावर गेलं होतं. बॅकअप घेतला म्हणजे झालंच की, असं त्यांचं म्हणणं.

वहिनी म्हणाल्या, "डबा रोज भरून फडताळात ठेवलात. आत काय आहे ते झाकण काढल्याशिवाय कळेल का? चुलत लिहा."

भाऊजींनी चुलत लिहिलं. मी पिवळी खूण लावून घेतली.

वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊजींचे दादा, यांची ओळख करून द्यायची राहिलीच. त्यांना मी मनातल्या मनात थोरले म्हणायची. ते सोफ्यांना, खुर्च्यांना नवी गादी आणि नवं कापड बसवायचे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर असले तरी त्यांचा आवाज वरच्या खोलीत यायचा. भारदस्त, खणखणीत आणि सतत कुणाची तरी फिरकी घेणारा. कापडाचे तागे पोचवून घरी जाताना ते वर डोकवायचे.

"काय धाकट्या, आज किती लग्नं लावलीत नियमांची? बायकोही मध्यस्थ आणि भाऊही मध्यस्थ. भाजी आणायला मात्र कुणी नाही."

आल्या आल्या वहिनींच्या खुर्चीची गादी दाबून बघायचे आणि नाक मुरडायचे. मग हसायचे. त्यांच्या हसण्याने भाऊजींच्या टेबलावरचा पेला थरथरतो, असं भाऊजी म्हणत. ऑफिसात कंटाळलेली माणसं त्यांची वाट बघायची. मीही बघायची.

ती वर्षं चांगली गेली. दूरदूरची ऑफिसं मला वापरायला लागली. एका बँकेच्या बाईंनी वहिनींना फोन करून सांगितलं की तुमच्या सोयरिकीने आमचे अर्धे कष्ट वाचवले आणि उरलेले अर्धे कुठे करायचे तेही सांगितलं. हे ऐकून वहिनी दिवसभर खुशीत होत्या. माझी पाठ थोपटायला मला पाठ नाही, पण भाऊजींनी त्या दिवशी माझ्या अक्षरांचा आकार वाढवला, तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

मग थोरल्यांचा आवाज बसला.

आधी सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. इतकं बोलल्यावर घसा नाही का बसणार, असं वहिनीच म्हणाल्या. गुळण्या झाल्या, वाफारे झाले, औषधं झाली. आवाज काही सुटेना. शेवटी तपासण्या केल्या तेव्हा स्वरयंत्रावर एक गाठ निघाली. ती लहानशी होती. शस्त्रक्रिया करून काढली. वहिनींनी लांब रजा घेतली आणि ऑफिसातली त्यांची खुर्ची रिकामी राहिली.

त्या रिकाम्या खुर्चीसमोर, मित्रांनो, माझं नशीब फिरलं. एके दिवशी साहेब केबिनमधून बाहेर आले आणि भाऊजींच्या टेबलाच्या कडेवर टेकले.

"भाऊजी, तो पिवळा रंग काढा. पिवळा दिसला की गिऱ्हाईक बिथरतं. पलीकडच्या कंपनीचं सॉफ्टवेअर सगळं हिरवं दाखवतं."

"पण साहेब, पिवळं म्हणजे अजून काम बाकी आहे. वहिनींनी एकेक जोडी..."

"वहिनी रजेवर आहेत ना? आणि संबंध आहे की नाही दोन नियमांचा? आहे. मग हिरवं दाखवा. खाली बारीक अक्षरांत लिहा, हिरवं म्हणजे संबंधित. खोटं कुठे आहे त्यात?"

भाऊजींनी मला उघडलं. माणूस वाईट नव्हता. मऊ होता. समोरच्याला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी पिवळ्या खुणा हिरव्या केल्या आणि वहिनींचे शेरे दिसेनासे केले. करताना पुटपुटत होते, "आतून काही काढलेलं नाही. फक्त दिसायचं बंद केलंय. वहिनी आल्या की सांगेन." वहिनींच्या डोक्याला आधीच ताप कमी नाही, तेव्हा आत्ता त्यांना कळवायला नको, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माझं नावही त्याच दिवशी गेलं. साहेबांनी एक इंग्रजी नाव दिलं, ज्याचा अर्थ त्यांना स्वतःलाही नीट सांगता आला नसता.

मला फार वाईट वाटलं. एखाद्याला सगळं ठाऊक असावं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवलेला असावा, तसं झालं. मी विचारल्याशिवाय बोलू शकत नाही आणि विचारलं तरी जेवढं दाखवायला सांगितलंय तेवढंच दाखवते. माझ्या हिरव्या पानांच्या प्रती निघाल्या आणि गावोगावी गेल्या. त्यांतलीच एक शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पोचली. रुग्णालय निळं पुस्तक आधीपासून पाळत होतं. जाड्या पुस्तकाच्या तपासणीत त्यांनी माझं पान पुढे केलं. बॅकअपच्या नियमापुढे हिरवी खूण होती. आमच्याच ऑफिसातून तपासायला गेलेल्याने ती बघितली आणि पुढचं पान उलटलं.

काही महिन्यांनी थोरल्यांचा आवाज पुन्हा बसला. गाठ परत आली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आवाज वाचवायचा असेल तर रेडिएशन द्यावं लागेल, रोजच्या रोज, मधे खंड पडता कामा नये. त्याने भागलं नाही तर स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, पण बोलणं जाईल.

रेडिएशन देणारी रुग्णालयं दोन होती. कुठलं निवडायचं याचा खल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झाला. वहिनींचा लॅपटॉप तिथेच उघडा होता आणि मी त्यातही होते, म्हणून मला ऐकायला मिळालं.

"हे मोठं बरं," वहिनी म्हणाल्या. "आपल्याच ऑफिसने तपासलंय. इथे यांचे कागद हरवायचे नाहीत."

भाऊजी समोर बसले होते. त्यांनी चमच्याने चहा ढवळला, पुन्हा ढवळला. त्यांना तेव्हा काही आठवलं की नाही, देव जाणे. बोलले एवढंच, "मी रोज गाडी काढतो. तुम्ही रिक्षाने दादाला नेऊ नका."

उपचार सुरू झाले. थोरल्यांच्या मापाचा एक जाळीचा मुखवटा बनवला होता. तो घालून त्यांनी टेबलावर निश्चल पडायचं आणि यंत्राने घशावर किरण सोडायचे. कुठल्या बाजूने, किती, किती वेळ, याचा सगळा आराखडा रुग्णालयाच्या संगणकात होता. वहिनी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून ऑफिसचे निरोप वाचत बसायच्या. थोरले बाहेर आले की घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बाकांबद्दल असायचं.

"ज्याने हा बाक केला ना, त्याला इथे दिवसभर बसवा. आजारापेक्षा बाकाने माणूस जाईल."

वहिनी हसायच्या. भाऊजीही हसायचे, पण गाडीची किल्ली बोटांत फिरवत राहायचे. निम्मे उपचार झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठ आकसते आहे. त्या दिवशी थोरल्यांनी घरी जाताना गाडीत गाणं म्हणायचा प्रयत्न केला. वहिनींनी गप्प बसवलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बाकावर नेहमीपेक्षा जास्त माणसं बसलेली होती आणि आत कुणालाच बोलावत नव्हते. बाहेरून कुणीतरी रुग्णालयाच्या संगणकांत शिरलं होतं आणि आतली सगळी माहिती कुलूपबंद करून बसलं होतं. परिचारिका धावत होत्या. जो तो एकच सांगत होता, घाबरू नका, बॅकअप आहे. संध्याकाळपर्यंत सुरू होईल.

संध्याकाळ झाली. दुसरा दिवस उजाडला. संगणक विभागाचा एक माणूस पडक्या चेहऱ्याने बाहेर आला आणि थंड पाण्याच्या यंत्रापाशी उभा राहिला. वहिनी उठून त्याच्याकडे गेल्या. लॅपटॉप हातातच होता.

"बॅकअप आहे म्हणालात ना?"

"आहे मॅडम. रोज घेत होतो. पण उघडत नाहीये. बऱ्याच दिवसांपासून रिकाम्याच फाइली पडत होत्या बहुतेक."

"उघडून बघत नव्हता मधूनमधून?"

"ते करायची गरज नव्हती. रोजचा बॅकअप होता ना आमचा, त्यातच ते धरलं. तपासणीत पास आहे." त्याने फोनवर एक पान काढून दाखवलं. "हे बघा. हिरवं आहे."

वहिनींनी बघितलं. नाव दुसरं होतं, पण आपल्या हाताने घडवलेलं कुणाला ओळखू येत नाही? त्या बाकावर येऊन बसल्या, लॅपटॉपवर त्यांनी मला उघडलं आणि ती जोडी शोधली. बोट ठेवलं. शेरा आला नाही. पुन्हा ठेवलं. मी आतल्या आत तडफडत होते. त्यांचे सगळे शब्द माझ्यापाशी जसेच्या तसे होते आणि मला ते दाखवता येत नव्हते.

भाऊजी गाडी लावून आले तेव्हा वहिनींनी फक्त पडदा त्यांच्याकडे वळवला.

"भाऊजी, इथली पिवळी खूण कुठे गेली?"

भाऊजींचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "साहेबांनी सांगितलं होतं..."

"साहेबांना हे पान उघडताही येत नाही. हात तुमचा आहे."

"मी तुम्हाला सांगणार होतो, वहिनी. दादाचं सगळं चाललं होतं म्हणून..."

"म्हणून मी त्यांना हाताला धरून इथे आणलं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही समोर बसून चहा ढवळत होतात."

रुग्णालयाला पुन्हा उभं राहायला कित्येक आठवडे लागले. दुसऱ्या रुग्णालयात आधीच रांग होती आणि त्यांना सगळा आराखडा नव्याने करावा लागणार होता. जो खंड पडायचा नव्हता तो पडला. चौकशीही झाली. रुग्णालय म्हणालं, आम्हाला हिरवी खूण दिली होती. साहेब म्हणाले, हिरवं म्हणजे संबंधित, असं खाली लिहिलेलं आहे. सगळ्यांनी रीतसर हात झटकले आणि कुणाचंच चुकलं नाही असं ठरलं. थोरल्यांच्या घशातली गाठ मात्र त्या काळात वाढली. डॉक्टर म्हणाले, आता स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नाही.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली त्या दिवशी भाऊजी त्यांच्या घरी आले. थोरले आत पडले होते. स्वयंपाकघरात भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी दादाला सगळं सांगतो. मला राहवत नाही."

"नाही."

"त्याला कळायला हवं. त्याने मला शिव्या घालायला हव्यात."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून?" वहिनी भाजी चिरत होत्या, त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्यांचं बोलणं थोडक्या दिवसांचं उरलंय. ते तुम्हाला शिव्या देण्यात खर्च करायला लावू नका. त्यांना हसू द्या, माझ्याशी भांडू द्या, गिऱ्हाइकांवर ओरडू द्या. तुमचं ओझं तुम्ही वाहा."

भाऊजी मान खाली घालून निघून गेले आणि मग येईनासे झाले. मित्रांनो, मला त्यांचा राग येतो आणि दयाही येते. उरलेल्या दिवसांत थोरले खूप बोलले. आवाज घोगरा, मधेच तुटणारा, पण बोलत राहिले. वहिनी फोनवर ते ध्वनिमुद्रित करायला बघायच्या तर म्हणायचे, "अगं, ते यंत्र ठेव बाजूला. तू ऐक की. तुझ्याचसाठी बोलतोय." गादीत काथ्या कसा भरावा, कापडाची शिवण कुठे लपवावी, आपल्या लग्नात कोण रुसलं होतं, सगळं सांगितलं. आणि रोज एकदा विचारायचे, "धाकटा का येत नाही गं? काम आहे का त्याला?"

"काम आहे," वहिनी म्हणायच्या.

"मग फोन लाव. नुसता आवाज तरी ऐकू दे त्याचा. आणि त्याला माझा."

वहिनी फोन लावायच्या. भाऊजी उचलायचे नाहीत. ते तेव्हा टायरच्या दुकानावरच्या खोलीत माझ्यासमोर बसलेले असायचे. टेबलावर फोन वाजायचा. ते एकेक हिरवी खूण पुन्हा पिवळी करत होते, वहिनींचा एकेक शेरा पुन्हा उघडा करत होते. साहेबांना न विचारता. फोन वाजायचा थांबला की पुढच्या जोडीकडे वळायचे. मी म्हणत होते, अहो, हे काम उद्याही होईल, तो फोन घ्या. पण माझं म्हणणं कोण ऐकणार?

शस्त्रक्रिया झाली. थोरले जगले. त्यांच्या गळ्यापाशी श्वास घ्यायला एक छिद्र ठेवलं होतं आणि ते पांढऱ्या रुमालाने झाकलेलं असायचं. घर इतकं शांत झालं की नळाची गळती ऐकू यायची.

पुढे एका दुपारी भाऊजी लॅपटॉप घेऊन आले. थोरले स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भाताची मऊ पेज चमच्याने घेत होते. धाकट्याला बघून त्यांचे डोळे चमकले. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिची गादी दाबून नाक मुरडलं, आवाज नसलेली थट्टा केली. भाऊजींना ती बघवली नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला, मला समोर आणलं आणि त्या एका जोडीवर बोट ठेवलं. वहिनींचा शेरा स्वच्छ दिसला.

"दादा, हे इथे आधीपासून होतं. वहिनींनी लिहिलं होतं. मी झाकलं. म्हणून तिथला बॅकअप कुणी उघडून बघितला नाही. म्हणून तुझे उपचार थांबले." ते भडाभडा बोलत होते. "माझ्यामुळे झालं, दादा. सगळं माझ्यामुळे. काहीतरी बोल."

थोरल्यांनी माझ्याकडे बघितलं. शेरा सावकाश वाचला. मग धाकट्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, रुमाल आतल्या वाऱ्याने फडफडला. शब्द काही आला नाही.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "आत्ता सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "सांगू नका म्हटलं होतं मी, येऊ नका नव्हतं म्हटलं. रोज फोन लावत होते. तेव्हा त्यांना बोलता येत होतं, भाऊजी. आता ते तुम्हाला काय म्हणणार?"

थोरल्यांनी हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. झाकण मिटलं की आम्ही झोपतो. त्यानंतर त्यांनी धाकट्याच्या थोबाडीत मारली की त्याला जवळ घेतलं, मला माहीत नाही. पुढे मला उघडलं ते ऑफिसात, अनोळखी हातांनी. तेव्हा दोन्ही टेबलं रिकामी होती.

मित्रांनो, आता मी कुणाच्या कामाची नाही. साहेबांनी नवं सॉफ्टवेअर आणलं आहे, फार देखणं आहे म्हणतात. माझ्या खुणा पुन्हा बरोबर आहेत, पण त्या बघायला कुणी येत नाही आणि माझ्या हिरव्या पानांच्या जुन्या प्रती अजून कुठे कुठे हिंडत असतील, त्यांना मी परत बोलावू शकत नाही. मला जपा, माझ्यावर दया करा, असं मी म्हणणार नाही. मला पुसून टाकलंत तरी चालेल. एवढंच करा. कुणी 'जवळपास तेच आहे, चालून जाईल' म्हणालं, तर जागचे उठा आणि झाकण काढून आत बघा. आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर त्याचा फोन वाजतो आहे तोवर उचला.